दोनशे अठ्ठ्याऐंशीवरचं पीक

इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे क्ष-किरणांचा झोत देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, सोनल मगदूमला प्रयोगासाठी तीन दिवस मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा अक्कोळच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो सोबतीचा. ती चिकोडीच्या एका पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची आणि तीन वर्षांपासून बेळगावला विद्यापीठात पीएचडी करत होती. एकतीस वर्षांची बाई एकटी जाऊ शकत होती, आणि तिनं तसं सांगितलंही. पण सासूबाई राजमती ऐकेनात. नवरा वृषभ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. जानेवारीत उसाचं गळीत ऐन भरात असताना त्याला रजा मिळणं शक्य नव्हतं.

शेवटी सासरे बाबगोंडा म्हणाले, “मी जातो की. ऊस गेला कारखान्याला. तंबाखू काढायला अजून पंधरा दिस हाईत. तेवढंच इंदूर बघून होतंय.”

राजमतींनी चार दिवस पुरतील एवढ्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि भडंग बांधून दिलं. सोनलच्या पाठीवरच्या बॅगेत एक छोटा प्लास्टिकचा डबा होता. त्यात कापसावर ठेवलेले ग्राफाइटचे दोन चौकोनी तुकडे. नखाएवढे, काळे, आरशासारखे चकचकीत.

निपाणीहून पुण्याच्या बसमध्ये बाबगोंडांनी तो डबा मागून घेतला आणि उजेडात धरून पाहिला.

“एवढ्यासाठी इंदूर?”

“एवढ्यासाठीच, आप्पा.”

“बघणार काय ह्यात?”

सोनल शिकवणारी होती. सोपं करून सांगायची तिला सवय होती, आवडही होती. “हे नुसतं कार्बनचं आहे. तंबाखूची पानं एकावर एक रचून ठेवतो न्हाय का आपण, तसे ह्यात कार्बनचे थर असतात. एकेक थर एका अणूच्या जाडीचा. ह्याच्यावर क्ष-किरण सोडायचे. अणूच्या आत खोलवर बसलेला इलेक्ट्रॉन ते किरण शोषून घेतो आणि वरच्या रिकाम्या जागेत उडी मारतो. पण कुठलेबी किरण चालत न्हाईत त्याला. नेमकी ऊर्जा लागते. आपण ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची आणि कुठं जास्त शोषण होतंय ते ग्राफवर मांडायचं. जिथं जागा रिकामी, तिथं पीक येतं.”

“पीक?”

“इंग्रजीतलं पीक, आप्पा. टोक. उंचवटा.”

“मग तसं सांग की. मला वाटलं पेरलंय काय ह्यात.” बाबगोंडांनी डबा परत दिला. “मग किती येत्यात पिकं?”

“मोठी दोन. ऊर्जेच्या मापात एक दोनशे पंच्याऐंशीला, एक दोनशे ब्याण्णवला. ती साऱ्या जगाला ठाऊक आहेत. त्यांच्या मधी, दोनशे अठ्ठ्याऐंशीला, एक बारकं आहे. ते आमच्या सरांचं.”

सर म्हणजे तिचे पीएचडीचे मार्गदर्शक, डॉ. नागराज कामकर. बेळगावातल्याच वडगावच्या विणकराच्या घरातले. घरात दिवसभर माग खडखडत असताना त्यांनी एमएस्सीचा अभ्यास केला होता, आणि बावीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर दोन वर्षं जर्मनीला जाऊन आले होते. तिथं मोजलेल्या ग्राफाइटच्या आलेखात त्यांना हे छोटं पीक दिसलं होतं. कार्बनच्या दोन थरांमधल्या पोकळीत इलेक्ट्रॉनसाठी एक रिकामी जागा असते, हे पीक त्या जागेचं, असं त्यांनी मांडलं होतं. तो लेख चांगल्या नियतकालिकात छापून आला होता. बेळगावच्या विभागात सगळे त्याला कामकर पीकच म्हणत. सर आता दहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्याआधी हे पीक बारा वेगवेगळ्या कोनांतून मोजायचं आणि शेवटचा मोठा लेख लिहायचा, असा त्यांचा बेत होता. तीन दिवसांचा तासातासाचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून सोनलला दिला होता.

इंदूरला बाबगोंडांना आत सोडणार नव्हते. ते अतिथिगृहात राहिले. कँटीनवाल्याशी त्यांची पहिल्या सकाळीच ओळख झाली, कारण जैन घरात कंदमुळं चालत नसल्यानं, पोह्यांत बटाटा आहे का, ह्याची चौकशी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन केली.

सोनल आत गेली. मोठा गोल हॉल, सतत घुंघुं आवाज. भिंतीपलीकडं इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत होते आणि त्यांच्यातून सुटणारा किरणांचा झोत एका लांब नळीतून तिचा नमुना ठेवायच्या निर्वात चेंबरपर्यंत येत होता. त्या बीमलाइनची जबाबदारी रचना मॅडमकडं होती. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ढकलून वावरणाऱ्या. त्या इंदूरच्याच मराठी.

“कुठून आल्या तुम्ही? बेळगाव? अरे वा. मग आपण मराठीतच बोलू,” त्या म्हणाल्या.

सोनलनं दोन्ही नमुने एकाच पट्टीवर बसवले. सरांच्या तक्त्यात एकच होता. त्याचा वरचा थर तिनं दहा दिवसांपूर्वी बेळगावला चिकटपट्टी लावून सोलून काढला होता. ग्राफाइटचा नवा पृष्ठभाग मिळवायची हीच पद्धत, पट्टी लावायची आणि ओढायची. दुसरा तुकडा जादाचा म्हणून आणलेला. तो तिनं चेंबरमध्ये घालायच्या पाच मिनिटं आधी सोलला. पट्टीवर जागा होती म्हणून बसवला, एवढंच.

दुपारी बारापर्यंत दोन्हींचे आलेख पडद्यावर होते. जुना सोललेला नमुना सरांच्या लेखातल्या आकृतीसारखाच दिसत होता. दोन मोठी पिकं आणि मध्ये दोनशे अठ्ठ्याऐंशीवर ठसठशीत छोटं. ताज्या नमुन्यात दोन मोठी पिकं तशीच होती. छोटं मात्र निम्म्याहून खाली आलं होतं.

सोनलनं ताज्या नमुन्याची जागा बदलून पुन्हा मोजलं. तेच. झोताची तीव्रता मोजणारी सोन्याची जाळी तपासली. ठीक होती. जुना पुन्हा मोजला. पुन्हा ठसठशीत.

“काय झालं?” रचना मॅडमनी विचारलं.

“मॅडम, दोन्ही एकाच तुकड्यातून कापलेत. आतले थर दोन्हीकडं सारखेच. पीक जर थरांच्या मधल्या जागेचं असेल, तर वरची पट्टी मी कधी ओढली ह्याच्याशी त्याला काय घेणं?”

रचना मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “काहीच नाही.”

“पण हवेतली घाण असेल तर आहे. दहा दिवस उघड्यावर बसलेल्या पृष्ठभागावर हवेतले सेंद्रिय रेणू चिकटणार. त्यांच्यातही कार्बन असतो. आणि त्यातल्या कार्बन-हायड्रोजन बंधाचं पीक येतं दोनशे अठ्ठ्याऐंशीच्याच आसपास.”

“मग आता?”

“मला जुना नमुना आतल्या आत तापवायचा आहे. पाचशे अंशांपर्यंत. घाण असेल तर उडून जाईल. आतलं असेल तर जागचं हलणार नाही.”

“तापवता येईल. हीटर आहे. पण चेंबरमधला व्हॅक्यूम बिघडेल आणि अर्धा दिवस, कदाचित पूर्ण दिवस जाईल. तुमच्या सरांच्या प्लॅनमध्ये आहे का हे?”

“नाही,” सोनल म्हणाली. “मी विचारून येते.”

फोन अतिथिगृहात ठेवलेला होता. व्हरांड्यात बाबगोंडा ऊन खात बसले होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून सोनलनं बेळगावला फोन लावला आणि सरांना सगळं नीट सांगितलं.

“सोनल, ताजा नमुना तू घाईत बसवलास. कोन चुकला असेल.”

“कोन दोनदा तपासला, सर. मोठी पिकं जुळताहेत. कोन चुकला असता तर आधी ती बदलली असती.”

“हे बघ. हे पीक मी दोन वर्षं मोजलंय. तू आत्ता एक सकाळ मोजतेयस. तक्त्यात लिहिलंय तसं कर. तापवायचं बिपवायचं नाही. बीमटाइम परत वर्षभर मिळणार नाही.”

“म्हणूनच म्हणते, सर. वर्षभर मिळणार नाही. बारा कोनांत मोजून आणलं आणि नंतर कुणी विचारलं, तापवून बघितलं का, तर काय सांगायचं?”

“तक्त्याप्रमाणं कर,” सर म्हणाले आणि फोन ठेवला.

बाबगोंडांनी एका बाजूचं बोलणं ऐकलं होतं. तेवढ्यावरून त्यांना पुरेसं कळलं होतं.

“नको म्हणाले?”

“व्हय.”

“मग करणार काय तू?”

सोनलनं क्षणभरच विचार केला. खरं तर विचार मघाशी पडद्यासमोरच होऊन गेला होता. “तापवणार.”

“लई रागावतील.”

“रागावतील. पण आप्पा, मी जे बघितलंय ते बघितलंच न्हाय, असं करून मला बारा कोन मोजता येणार न्हाईत. माझं नाव असणार त्याच्यावर.”

बाबगोंडांनी मान डोलावली. पिशवीतून भाकरी काढली, चटणी काढली. “मग जेवून घे आधी. उपाशी पोटी तापवू नकोस काय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हीटर सुरू झाला. सोनलनं तापमान हळूहळू वाढवलं, दहा-दहा अंशांनी. दोनशे अंशांना व्हॅक्यूमचा काटा वर जायला लागला. चिकटलेलं काहीतरी नमुन्यावरून सुटत होतं, ह्याची ती पहिली खूण. सोनलला त्याचा आनंद झाला आणि रचना मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हळू घ्या. फार चढला तर व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल, मग झोत येणार नाही.”

साडेतीनशेला तसंच झालं. खटकन आवाज आला, दिवा लाल झाला, आणि नळीतून येणाऱ्या झोताची वाट बंद झाली. पंप चालू होते, पण काटा उतरायला तयार नव्हता. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. तक्त्याप्रमाणं आत्तापर्यंत सात कोन मोजून व्हायला हवे होते. झाला होता एक.

“अहो मगदूम मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही? थांबवायचं का?” रचना मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. “गार करू, उद्या तुमचे कोन मोजून घ्या. थोडं तरी हातात पडेल.”

सोनलनं काट्याकडं पाहिलं, मग वहीत लिहिलेले आकडे पाहिले. दर दहा मिनिटांनी तिनं नोंद केली होती. उतार मंद होता, पण थांबलेला नव्हता.

“थांबवायचं नको. हीटर इथंच धरून ठेवते. काटा उतरला की पाचशेपर्यंत नेते, तासभर ठेवते आणि गार व्हायला सोडते. उद्या सकाळी मोजू.”

“नक्की?”

“नक्की. आकडे बघा ना, उतरतोय.”

चारच्या सुमारास काटा उतरला. पाच वाजता पाचशे अंश झाले. सहाला सोनलनं हीटर बंद केला. त्या संध्याकाळी बाबगोंडा सूर्यास्ताआधी जेवायला तिची वाट बघून शेवटी एकटेच जेवले होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. तिनंही फक्त “उद्या कळतंय” एवढंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला स्कॅन सुरू झाला. पडद्यावर हिरवी रेघ डावीकडून उजवीकडं सरकू लागली. दोनशे पंच्याऐंशीला मोठं पीक उभं राहिलं, पूर्वी होतं तेवढंच. रेघ खाली आली, सरकली. दोनशे सत्त्याऐंशी. दोनशे अठ्ठ्याऐंशी. रेघ सपाट जात राहिली. नीट पाहिलं तर अगदी बारका फुगवटा होता, इतका की माहीत नसणाऱ्याला दिसलाही नसता. मग दोनशे ब्याण्णवला दुसरं मोठं पीक.

रचना मॅडम पडद्याजवळ वाकल्या. “गेलं.”

“जवळजवळ गेलं,” सोनल म्हणाली. “आता परत आणून दाखवायला पाहिजे. नाहीतर सर म्हणतील, तापवून मी ग्राफाइटच बिघडवलं.”

नमुना शेजारच्या छोट्या कक्षात ओढून तिनं त्यात साधी हवा सोडली. दीड तास तसाच ठेवला. मग पुन्हा पंप, पुन्हा आत. दुपारी दोनला रेघ परत सरकली. दोनशे अठ्ठ्याऐंशीवर छोटं पीक डोकं वर काढत होतं.

उरलेल्या वेळात तिनं सरांच्या तक्त्यातले चार कोन मोजून घेतले. जमेल तेवढे. निघताना रचना मॅडमनी तिचा हात हातात घेतला. “पुढच्या वेळी अर्ज कराल तेव्हा हीटिंगचं आधीच लिहा. मी ओळखीन तुम्हाला.”

परत येताना बाबगोंडांनी एकदाच विचारलं, “सरांचं पीक गेलं म्हणायचं?”

“सरांचं न्हवतं ते, आप्पा. हवेचं होतं.”

“ते त्यास्नी सांगणार कोण?”

“मीच की. मीच मोजलंय.”

सोमवारी सकाळी ती बेळगावला गेली. सरांच्या केबिनमध्ये तीन आलेख टेबलावर ठेवले. ताजा, तापवलेला, हवा लागलेला. प्रत्येकाखाली वेळ, तारीख, व्हॅक्यूमचा आकडा. शेजारी चार कोनांचे आलेख.

सरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला.

“बारा सांगितले होते.”

“चारच जमले, सर. एक दिवस तापवण्यात गेला.”

“मी नको म्हणालो होतो.”

“हो, सर. मी तुमचं ऐकलं नाही. ते मी कबूल करते. पण हे आलेख बरोबर आहेत.”

“बरोबर?” सरांचा आवाज चढला, आणि नेहमीची विद्यापीठातली भाषा सुटली. “अगं, बावीस वर्षं झाली त्या लेखाला! जर्मनीतल्या लोकांनी मान्य केलं, छापलं, आणि तू तीन दिसांत घाण म्हणून मोकळी? झोत वळवणाऱ्या आरशांवर कार्बन साचला असंल तिथं. जाळी खराब असंल.”

सोनलनं बॅगेतून आणखी एक कागद काढला. “जाळीचा कच्चा आकडा. तिन्ही वेळा एकसारखा. आरशांवर असता तर तिन्ही वेळा सारखंच दिसलं असतं, सर. नमुना तापवला म्हणून आरसा कसा बदलेल?”

सरांनी तो कागद घेतला नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “ठेवून जा. सगळी फाइल ठेवून जा.”

त्यानंतर पंधरा दिवस सरांचा फोन आला नाही. सोनल चिकोडीला शिकवत राहिली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. बेळगावला पहिल्यांदा गेली तेव्हा, लग्न झालेली, नोकरी करणारी, रोज दोन तास बसनं येणारी विद्यार्थिनी घ्यायला कुणी तयार नव्हतं. कामकर सरांनी घेतली होती. पण आलेखाबद्दल तिच्या मनात एकदाही शंका आली नाही. तिनं मसुदा लिहायला घेतला. पहिलं पान तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते तिला पटलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी अक्कोळच्या घरासमोर एक जुनी गाडी थांबली. सर उतरले. बरोबर कुणी नव्हतं. हातात कापडी पिशवी होती.

बाबगोंडांनी पुढं होऊन त्यांना आत घेतलं. राजमतींनी ताक दिलं. हवापाण्याचं, तंबाखूच्या पिकाचं थोडं बोलणं झालं. मग सर सोनलला म्हणाले, “जरा बसू या का कुठंतरी?”

दोघं घराच्या पुढच्या पडवीत, सोप्यावर टेबलाशी बसले. बाबगोंडा उठून जायला लागले तर सर म्हणाले, “बसा, बसा. लपवण्यासारखं काही नाही.”

पिशवीतून त्यांनी एक जाड वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, जर्मन लेबल असलेली. पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या.

“हिला शोधायला आठवडा गेला. वडगावच्या घरी माळ्यावर होती.” त्यांनी एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. “वाच.”

सरांचंच अक्षर होतं, तरुणपणीचं, बारीक आणि सरळ. एकाच नमुन्याचे दोन स्कॅन. पहिला सोलल्याच्या दिवशी, दुसरा पाच दिवसांनंतर. पहिल्याच्या पुढं इंग्रजीत एकच ओळ होती. दोनशे अठ्ठ्याऐंशीचं पीक दुबळं आहे, मोजणी सदोष, सोडून द्यावी.

सोनलनं दोनदा वाचलं.

“मी टाकून दिला तो,” सर म्हणाले. “मला वाटलं, यंत्र अजून स्थिर झालेलं नसेल. पाच दिवसांनी पीक चांगलं आलं, मग तेच खरं धरलं. तुझा ताजा नमुना आणि हा पहिला स्कॅन, एकावर एक ठेवून बघितले काल. जुळतात.” त्यांनी वही तिच्याकडं सरकवली. “यंत्र स्थिर होतं गं. मला जे पाहिजे होतं ते पाच दिवसांनी दिसलं, एवढंच.”

सोनलला त्यांच्याविषयी इतकी माया कधी वाटली नव्हती. हे पान त्यांनी तिला दाखवलं नसतं तर ते कुणालाच कधी कळलं नसतं.

“सर, हा पहिला स्कॅन आपण लेखात घालू या,” ती म्हणाली. “बावीस वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या यंत्रावरचा, दुसऱ्या देशातला. ह्याच्याइतका पक्का पुरावा माझ्याकडंसुद्धा नाही.”

सरांनी तिच्याकडं पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “म्हणजे माझ्याविरुद्ध माझीच साक्ष.”

“तुमचाच स्कॅन, सर.”

मग दोघं कामाला लागले. राजमतींनी जेवायला दोनदा बोलावलं. आणि मसुद्याच्या चौथ्या पानावर पुन्हा वाद झाला. तापवल्यानंतर जो अगदी बारका फुगवटा उरला होता, तो तरी थरांमधल्या जागेचा आहे, अशी ओळ सरांनी मसुद्यात घातली.

“एवढं तरी राहू दे,” ते म्हणाले. “सगळं घाणीचं नव्हतं. काहीतरी खरं आहे त्यात.”

“असेल, सर. पण मला दाखवता येत नाही. चार कोनांत तो बदलतो का नाही तेसुद्धा नीट कळत नाही, इतका बारका आहे. आठशे-हजार अंशांपर्यंत तापवून बघितल्याशिवाय मी त्याला नाव देणार नाही. जेवढं दिसतंय तेवढंच लिहू.”

सरांनी पेन उघडलं. मग त्यांनी मसुद्यातली ती ओळ आपल्या हातानं खोडली आणि वर लिहिलं, उरलेल्या फुगवट्याचं कारण अद्याप निश्चित नाही.

“बाबगोंडाअण्णा,” ते बाहेर बघत म्हणाले, “ही पोरगी लई हट्टी हाय.”

“आमच्यात आली तवापासनं हाय,” बाबगोंडा म्हणाले.

लेखकांत पहिलं नाव सोनलचं घालायचं, हे सरांनी सांगितलं. तिनं नको म्हटलं नाही. जुना अर्थ आपण मागे घेत आहोत, हे वाक्य सरांनी स्वतः लिहिलं आणि त्यात एक शब्दही बदलू दिला नाही. मार्चमध्ये लेख पाठवला. मे महिन्यात परीक्षकांचे प्रश्न आले, नऊ. सातांची उत्तरं सोनलकडं आधीच वहीत होती. दोनांसाठी तिनं रचना मॅडमकडून यंत्राचे जुने आकडे मागवून घेतले.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, दोन तासांच्या मध्ये, कॉलेजच्या व्हरांड्यात उभी असताना ईमेल आला. तिनं तिथूनच सरांना फोन लावला. सर त्या दिवशी जांबोटीला मेव्हण्याकडं गेले होते, आणि तिकडं रेंज येत-जात होती.

“सर, स्वीकारला!”

“काय? मोठ्यानं बोल!”

“सर, पेपर लागला! लेख स्वीकारला!”

व्हरांड्यातली पोरं वळून बघू लागली. पलीकडून खरखर ऐकू आली, मग सरांचा आवाज, एकदम स्पष्ट.

“छान. छान झालं. आता बघ, पहिलं नाव तुझं आहे. लोक प्रश्न विचारणार ते तुला विचारणार. जर्मनीचे तर सोडणारच नाहीत.”

“विचारू देत, सर,” सोनल म्हणाली.

तासाची घंटा झाली. तिनं फोन पर्समध्ये टाकला, स्टाफरूमच्या टेबलावरचा खडू उचलला आणि बारावीच्या वर्गात शिरली.